जनता की पायलट? एका मनगटी घड्याळाची ओळख

दारव्हा परिसरातील दोन सख्खे भाऊ एका सायंकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले, तेही एकमेकांकडे न पाहता. दोघांच्या मध्ये रुमालात गुंडाळलेले एक मनगटी घड्याळ होते. वडील प्राथमिक शिक्षक; महिन्यापूर्वीच निवर्तले होते.

"फादर, बाबांचं घड्याळ पांढऱ्या तबकडीचं होतं. हे काळं आहे. खरं कुठं गेलं ते याला विचारा," थोरला म्हणाला. धाकटा गप्प राहिला. थोरला १९८८ पासून नोकरीनिमित्त पुण्यास असतो. आईवडिलांची सेवा धाकट्याने केली. शेताच्या वाटणीत न झालेले भांडण या घड्याळावरून पेटू पाहत होते.

जुन्या घड्याळांचा नाद आम्हांस सेमिनरीपासून आहे. तबकडीवर 'एचएमटी' व 'पायलट' अशी अक्षरे होती. परंतु अक्षरांवर विसंबून निर्णय देणे बरे नव्हे. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे आपल्याकडची मनगटी घड्याळे बहुतांशी स्विस असत. फाव्र ल्युबा, वेस्ट एंड ही नावे मुंबईच्या पेढ्यांमधून वऱ्हाडातील सावकार व जिनिंगवाल्यांच्या मनगटांपर्यंत पोचली होती. सामान्य शिक्षकाला ती परवडण्याजोगी नव्हती. १९५३ साली बंगलोर येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळनिर्मितीस हात घातला. 'जनता' हे त्याचे सर्वांत परिचित अपत्य. रोज चावी द्यावयाची, सतरा खड्यांचे, साध्या पांढरट तबकडीचे. हे खडे म्हणजे कृत्रिम माणके. चाकांच्या आसांची टोके त्यांत फिरतात, म्हणून झीज कमी होते. तबकडीवरील 'पॅराशॉक' हा शब्द सिटिझनने १९५६ साली आणलेल्या धक्कारोधक रचनेचा. 'पायलट'ची तबकडी काळी, आणि आकडे व काटे अंधारात चमकणाऱ्या रंगाने भरलेले.

यवतमाळ जिल्ह्यात कापूस विकून पैसा हाती आला की लग्ने निघत, आणि जावयाला एचएमटी दिल्यावाचून वरपक्षाचे समाधान होत नसे. त्यामुळे अनेक घरांत या घड्याळाला दागिन्याचे मोल आले. पुढे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटनच्या क्वार्ट्झ घड्याळांनी बाजार काबीज केला, आणि २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास मान्यता दिली. तेव्हापासून जुन्या एचएमटीला शौकिनांची मागणी वाढली, आणि त्याबरोबर तबकड्या नव्याने रंगवून घड्याळे विकण्याचा धंदाही.

आम्ही भिंग डोळ्याला लावले व मागचे झाकण उघडले. यंत्र सतरा खड्यांचे, अस्सल एचएमटीचे होते. परंतु तशाच यंत्रावर जनताही चाले आणि पायलटही. म्हणजे यंत्राने निकाल लागणार नव्हता. तबकडीकडे वळलो. कारखान्यातील छपाई रेखीव असते. येथे अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा एका बाजूस सरकलेल्या. काटे पायलटचे नव्हते. जनताच्याच साध्या काट्यांवर पांढरा रंग चढवलेला. तबकडी काढून पाहिली तेव्हा कडेला काळ्या रंगाखालून मूळचा पांढरट रंग डोकावत होता. घड्याळ जनताच होते. रंग मागाहून दिलेला.

पण तो कोणी, कधी दिला? झाकणाच्या आतल्या बाजूस घड्याळजी दुरुस्तीची खूण कोरून ठेवतात. तेथे वडिलांच्या आडनावाचे आद्याक्षर व 'ऑगस्ट ९४' असे बारीक कोरलेले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले होते.

धाकटा प्रथमच बोलला. "त्या वर्षी बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पांढऱ्यावर काटे दिसत नव्हते त्यांना. यवतमाळला नेऊन काळं करून आणलं. शाळेची घंटा चुकू नये म्हणून."

थोरल्याने घड्याळ हातात घेऊन चावीजवळच्या कडेवरून अंगठा फिरवला. तेथे एक खोल पोचा होता. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "हा माझा आहे. सहावीत असताना विहिरीच्या काठावर माझ्या हातून पडलं होतं. बाबांनी मला मारलं नव्हतं."

घड्याळजीची खूण व तो पोचा यांनंतर आमच्या साक्षीची गरज उरली नाही. वाचकहो, घरातील जुने घड्याळ ओळखावयाचे असेल तर तबकडीवरचे नाव शेवटी वाचावे. आधी यंत्र, काटे, कडा आणि झाकणाची आतली बाजू पाहावी. आणि ते चकचकीत करण्यास कोणाकडे देऊ नये. पोचे जातात आणि त्यांबरोबर पुरावाही.

थोरल्याने घड्याळास चावी दिली. सेकंदाला पाच टोले, अशी त्याची टिकटिक सुरू झाली. मग ते त्याने धाकट्याच्या मनगटावर स्वतः बांधले. जाताना दोघे एकाच मोटारसायकलवरून गेले.