बडोदे संस्थानातील ‘खाते’ : हुकूम, कारकून आणि रयत

बडोद्याच्या मराठी समाजाचा इतिहास हा पुष्कळ अंशी नोकरीचा इतिहास आहे. गायकवाडांच्या फौजेबरोबर जी घराणी गुजरातेत आली, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तलवार खुंटीला लावून लेखणी हाती घेतली आणि ‘अमुक खात्यात आहेत’ एवढ्या शब्दांत माणसाची ओळख पुरी होऊ लागली. राजे, दिवाण, राजवाडे यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. ज्या खात्यांतून राज्य प्रत्यक्ष चालले, त्यांतील कामाचे स्वरूप मात्र क्वचितच कोणी तपासले. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने तसा थोडा प्रयत्न येथे केला आहे. बडोद्यात वाचनालये हेही एक सरकारी खातेच होते, त्यामुळे हा विषय या ग्रंथाच्या वाचकांना परका वाटणार नाही.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि त्याच वर्षी कवळाण्याचे बारा वर्षांचे गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाले. त्यांच्या अज्ञानकाळात दिवाण सर टी. माधवराव यांनी विस्कटलेल्या कारभाराची घडी बसवली. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली. व्यक्तीच्या मर्जीवर चालणारा कारभार नियमांवर आणणे, हे त्यांच्या पुढच्या सत्तावन्न वर्षांच्या कारकिर्दीचे एक मुख्य सूत्र म्हणता येईल. हुजूर हुकूम निघे, ‘आज्ञापत्रिके’त जाहीर होई, आणि प्रांताचा सुभा, तालुक्याचा वहिवाटदार अशा पायऱ्या उतरत गावापर्यंत जाई. महाराजांचा बराच काळ परदेशप्रवासात जाई. त्यामुळे महत्त्वाची प्रकरणे टपालाने त्यांच्याकडे जात आणि टपालानेच शेरे घेऊन परत येत. अशा राज्यात कागदाला फार मोठे महत्त्व यावे, हे स्वाभाविकच होते. कागदाची भाषा नेमकी असावी, हाही महाराजांचा आग्रह होता. १९३१ मध्ये बडोद्याने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी आदी भाषांतले पर्याय त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. रयतेला कळेल अशा शब्दांत राज्य चालावे, ही दृष्टी त्यामागे होती.

या नोकरीचा माणसावर काय परिणाम होई? दोन उदाहरणे पाहू. श्री. अरविंद घोष १८९३ मध्ये इंग्लंडहून येऊन दरमहा दोनशे रुपयांवर बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. सर्व्हे सेटलमेंट, स्टँप व महसूल, सचिवालय असा फेरा करून ते कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले. खात्यांच्या कामात त्यांचे मन कधी रमले नाही आणि १९०६ मध्ये ते बडोदे सोडून गेले. याउलट गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांचे वाचक म्हणून आले आणि छत्तीस वर्षे राहिले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, प्रवासात सोबत राहणे हे त्यांचे काम होते. दिवस धन्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जाई. मात्र शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांना इतिहासाची गोडी लागली, १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली आणि पुढे मराठी रियासतीचे खंड आले. १९२५ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. हजारो कागदांतून मोलाचा कागद वेगळा काढण्याची शिस्त त्यांनी काही अंशी तरी या नोकरीत मिळवली असावी, असे मला वाटते.

आता आपल्या अधिक जवळच्या खात्याकडे वळू. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. शाळा सोडलेला मुलगा अक्षरे विसरू नये, तर त्याच्या हाती पुस्तक राहिले पाहिजे, या विचारातून ग्रंथालयाची योजना पुढे आली. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून महाराजांनी विल्यम बोर्डन या तेथील ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाच्या पायावर मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग निघाला आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक सुरू झाले. १९१३ मध्ये बोर्डन परत गेले. सरकारी कामात योजक निघून गेला की योजना बहुधा दप्तरात जाते. येथे तसे झाले नाही, आणि याचे श्रेय खात्यातल्या माणसांना द्यावे लागेल.

जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी खात्याची धुरा वाहिली आणि या चळवळीवर १९१९ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. ग्रामीण शाखेचे काम मोतीभाई अमीन यांच्याकडे होते. सरकारी योजना येण्यापूर्वीच त्यांनी ‘मित्रमंडळ’ वाचनालये काढून खेड्यांत वाचनाची आवड रुजवली होती. अशा माणसाला बाहेर न ठेवता खात्याने आत घेतले, हे त्या खात्याचे शहाणपण होय. अनुदानाची रीतही विचारपूर्वक ठरवलेली होती. खर्चाचा एक वाटा गावाने उचलायचा, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने. फुकट मिळालेल्या वस्तूची कदर राहत नाही आणि सारा भार अंगावर टाकला तर गाव पुढे येत नाही, या दोन्ही गोष्टी त्यात जमेस धरल्या होत्या. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात, आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च खाते सोसे. संस्कृत विभागाचे चिमणलाल दलाल यांनी १९१४ मध्ये पाटणचे जैन ग्रंथभांडार तपासले. त्यांच्या श्रमांमुळे १९१६ मध्ये राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्यमालेचा प्रारंभ झाला. १९१८ मध्ये दलाल निवर्तले, पण मालेचे काम थांबले नाही.

येथेच हा लेख संपवता आला असता तर तो गौरवलेख झाला असता. परंतु याच काळातले दुसरे एक पान वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाने महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जाताना दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून दिला. त्या कराराप्रमाणे १९१७ मध्ये ते बडोद्यास आले आणि अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम शिकू लागले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून टाकत आणि तेथे त्यांना पिण्याचे पाणी मिळत नसे, असे त्यांच्या चरित्रातून कळते. शहरात जागा न मिळाल्याने ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी केलेला अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. उत्तर येण्याआधीच लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. मित्रांनीही आसरा देण्यास असमर्थता दाखवली. कामाठीबागेत पाच तास बसून काढल्यावर त्या रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले. हे सारे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या होत्या, शिष्यवृत्तीही त्यांचीच होती. हेतूबद्दल संशय घेण्याचे कारण नाही, आणि नियमांचीही वाण नव्हती. तरीही एका अर्जावर वेळेत सही झाली नाही, कारण ज्यांच्या टेबलावरून तो गेला त्यांच्यापैकी कोणालाही ते काम निकडीचे वाटले नाही. पाणी देणे हा कुठल्या हुकुमाचा विषय नव्हता. तो पट्टेवाल्याच्या आणि त्याच्यावरच्या कारकुनाच्या मनाचा प्रश्न होता. ज्या राज्यात पुस्तकांची पेटी दूरच्या खेड्यापर्यंत बिनचूक पोचत होती, त्याच राज्याच्या राजधानीत हे घडले. ग्रंथालय खात्याला मोतीभाई अमिनांसारखी माणसे लाभली. त्या कचेरीत तसा एकही जण पुढे आला नाही. त्या नोकरीत मोठ्या संख्येने असलेल्या आपल्या मराठी समाजानेही हा इतिहास आपलाच म्हणून स्वीकारला पाहिजे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि हुजूर हुकूम इतिहासजमा झाले. मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय मात्र त्या खात्याची खूण म्हणून मागे राहिले. आपली संस्था सरकारी खाते नसली तरी तिच्याकडेही नियमावली आहे, नोंदवह्या आहेत आणि देवघेवीच्या खिडकीशी बसणारा सेवक आहे. शंभर वर्षांत किती पुस्तके जमली याचा हिशेब या ग्रंथात अन्यत्र असेलच. त्या खिडकीशी बिचकत आलेल्या नव्या माणसाला आपण कसे वागवले, याचाही हिशेब सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी मनाशी मांडावा, एवढीच विनंती आहे.