करारात दडलेले हेर

संगणकावरील सॉफ्टवेअर मालकाच्या नकळत त्याची माहिती बाहेर पाठवते, ही तक्रार तज्ज्ञांच्या वर्तुळातून सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली ती १९९९ या एकाच वर्षात अमेरिकेत लागोपाठ उघडकीस आलेल्या तीन प्रकरणांमुळे. जानेवारीत इंटेल कंपनीने पेंटियम थ्री या प्रोसेसरच्या प्रत्येक चिपला स्वतंत्र अनुक्रमांक देण्याचे जाहीर केले आणि त्याविरुद्ध बहिष्काराची हाक दिली गेली. मार्चमध्ये असे दिसून आले की विंडोज ९८ची नोंदणी करताना ग्राहकाने नकार दिला असला, तरी त्याच्या संगणकाचा ओळखक्रमांक मायक्रोसॉफ्टकडे जातच होता. तिसरे प्रकरण नोव्हेंबरच्या आरंभीचे असून पुढच्या सगळ्या वादाचा साचा त्यातच तयार झाला.

रिअलनेटवर्क्स या कंपनीचे रिअलज्यूकबॉक्स हे गाणी ऐकण्याचे आणि साठवण्याचे सॉफ्टवेअर तेव्हा फार लोकप्रिय होते. रिचर्ड स्मिथ या सुरक्षातज्ज्ञाने संगणकातून बाहेर पडणारे माहितीचे प्रत्येक पॅकेट टिपून दाखवणारे साधन वापरून या सॉफ्टवेअरची तपासणी केली, तेव्हा वापरकर्ता कोणती सीडी लावतो, त्याच्याकडे किती गाणी साठवलेली आहेत, असा तपशील कंपनीकडे जात असल्याचे आढळले. शिवाय या तपशिलासोबत त्या प्रतीचा जगात एकमेव असलेला क्रमांकही जात होता, आणि नोंदणीच्या वेळी दिलेल्या नाव-पत्त्याशी तो जुळवता येण्याजोगा होता. कंपनीने माफी मागून दुरुस्ती तातडीने उपलब्ध केली. तथापि माफीपेक्षा महत्त्वाची ठरली ती तपासाची पद्धत, कारण कंपनी काय म्हणते यावर विसंबून न राहता तारेतून प्रत्यक्ष काय जाते ते पाहावे, हा पायंडा येथे पडला.

व्हायरस आणि हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर, म्हणजेच स्पायवेअर, यांतला मूलभूत फरक येथेच लक्षात घ्यायला हवा. व्हायरस लिहिणारा स्वतः लपून राहत असे. स्पायवेअर बनवणाऱ्या कंपनीला मात्र नोंदणीकृत पत्ता होता, गुंतवणूकदार होते आणि वकीलही होते. तिचा बचाव चोरी नाकारण्याचा नव्हता, तर वापरकर्त्याने परवानगी दिलेली आहे, असा होता. सॉफ्टवेअर बसवताना पडद्यावर येणारा परवाना करार आणि त्याखालचे ‘मान्य आहे’ हे बटण हा या परवानगीचा पुरावा मानला जाई.

यामागचे अर्थकारण साधे होते. फुकट सॉफ्टवेअरची सवय लागलेला ग्राहक पैसे मोजायला तयार नव्हता, म्हणून लहान प्रोग्रामर आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जाहिराती दाखवणारा दुसऱ्या कंपनीचा भाग जोडून देत आणि त्यातून मिळकत करीत. ऑरिएट या कंपनीचा असा भाग अनेक फुकट सॉफ्टवेअरांसोबत येई, आणि मूळ सॉफ्टवेअर काढून टाकले तरी हा पाहुणा मागे उरे. कॅलिफोर्नियातील प्रोग्रामर स्टीव्ह गिब्सन यांना तो स्वतःच्याच संगणकावर सापडल्यावर त्यांनी २००० साली ‘ऑप्टआउट’ हे तो काढून टाकणारे साधन लिहून फुकट वाटले. जर्मनीतून आलेली ॲड-अवेअर आणि स्पायबॉट ही साधने पुढे जगभर वापरली गेली. सरकार किंवा मोठी कंपनी पुढे येण्याच्या कितीतरी आधी वापरकर्त्यांची बाजू घेतली ती या एकट्यादुकट्या माणसांनी, हे या इतिहासात ठळकपणे नोंदवले पाहिजे.

कराराच्या आडोशाचा सर्वांत मोठा लाभ गेटर या कंपनीने घेतला. पासवर्ड लक्षात ठेवणे आणि ऑनलाइन अर्ज आपोआप भरणे ही गेटरची उघड सेवा होती. त्या मोबदल्यात वापरकर्ता कोणकोणत्या संकेतस्थळांवर जातो याची नोंद ठेवली जाई आणि त्याच संकेतस्थळांवर गेटरच्या जाहिराती उसळून येत. २००३ मध्ये पीसी पिटस्टॉप या छोट्या कंपनीने गेटरला स्पायवेअर म्हटले, तेव्हा गेटरने बदनामीचा दावा लावला, आणि तडजोडीत पीसी पिटस्टॉपला ती पाने काढून घ्यावी लागली. त्याच वर्षी गेटरने क्लॅरिया हे नवे नाव धारण केले. पुढे या कंपनीचा परवाना करार पडद्यावर साठाहून अधिक पानांचा झाला होता. असे करार कोणी वाचतो का, याचे उत्तर पीसी पिटस्टॉपनेच दिले: तिने आपल्या सॉफ्टवेअरच्या करारात, या पत्त्यावर ईमेल पाठवणाऱ्यास बक्षीस मिळेल, असे कलम गुपचूप घातले. पहिला ईमेल येईपर्यंत चार महिने गेले, तोवर ते सॉफ्टवेअर तीन हजारांहून अधिक वेळा उतरवले गेले होते, आणि ईमेल पाठवणाऱ्यास १,००० डॉलर मिळाले. एखाद्या न्यायालयीन निकालानेही संमतीच्या या कल्पनेचे पितळ इतके स्वच्छ उघडे पाडले नसते.

मोठ्या कंपन्यांचा पवित्रा मात्र दुटप्पी राहिला. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २००४ मध्ये जायंट ही स्पायवेअरविरोधी कंपनी विकत घेतली, आणि पुढील वर्षी मायक्रोसॉफ्ट क्लॅरियाच्या खरेदीची बोलणी करीत असल्याच्या बातम्या येत असतानाच तिच्या साधनाने क्लॅरियाच्या सॉफ्टवेअरबाबतचा सल्ला ‘दुर्लक्ष करा’ असा सौम्य केल्याचे लोकांच्या लक्षात आले. ती खरेदी झाली नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी सोनी बीएमजीच्या संगीताच्या सीडींमधील रूटकिट उघडकीस आणले. रूटकिट म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीत खोलवर शिरून स्वतःचे अस्तित्व दडवणारा प्रोग्राम. नक्कल रोखण्यासाठी घातलेला हा प्रोग्राम विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल अदृश्य करी, त्यामुळे व्हायरसांनाही आयता आडोसा मिळाला. रीतसर विकत घेतलेली सीडी संगणकात घालणारा ग्राहक फसला आणि चोरून गाणी उतरवणारा सुरक्षित राहिला, हा यातला विपर्यास. सोनीला सीडी परत मागवाव्या लागल्या.

कायद्याची चाल संथ होती. कॅलिफोर्नियाचा स्पायवेअरविरोधी कायदा २००५च्या आरंभी लागू झाला. अमेरिकी संसदेतील विधेयके प्रतिनिधिगृहात संमत होऊनही सिनेटमध्ये अडकली. खरे काम केले ते ग्राहकहिताची जबाबदारी असलेल्या फेडरल ट्रेड कमिशनने. २००६ मध्ये झँगो या कंपनीने तडजोडीत ३० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. तिचे सॉफ्टवेअर ७ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले असून त्याने ६९० कोटींहून अधिक जाहिराती दाखवल्या, असे कमिशनचे म्हणणे होते. याहून दूरगामी ठरले २००९ मधील सिअर्स या किरकोळ विक्री साखळीचे प्रकरण. तिचे सॉफ्टवेअर बँकेचे हिशेब, औषधांच्या नोंदी, ग्रंथालयातून घेतलेली पुस्तके येथपर्यंत सारे टिपत होते. हे सर्व लांबलचक करारात लिहिलेले होते, म्हणजे जुन्या बचावाप्रमाणे सिअर्स निर्दोष ठरायला हवी होती. कमिशनने मात्र करारात पुरलेली माहिती ही माहिती दिल्याचा पुरावा नव्हे, अशी भूमिका घेतली, आणि सिअर्सला गोळा केलेला तपशील नष्ट करावा लागला.

भारतीय कायदा या प्रश्नाकडे उशिरा वळला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ४३ मध्ये संगणकातील माहिती मालकाच्या परवानगीविना उचलण्यास मनाई होती, परंतु परवानगी कशी घ्यावी हे तेथे सांगितलेले नव्हते, आणि बटण दाबून घेतलेल्या संमतीला त्यातून वाट मोकळी राहिली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, अशी अट घातली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे या कायद्याने बंधनकारक केले आहे, आणि त्या अनुसूचीत मराठीचा समावेश आहे.