टपालाच्या दारातून शिरलेला किडा

एके काळी संगणकांची जाळी अनेक होती आणि प्रत्येकाची पत्ता लिहिण्याची रीत निराळी. एका जाळ्यावरचे पत्र दुसऱ्यावर पोहोचवण्यासाठी बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' हा ईमेल सर्व्हर घडवला. १९८३ पासून तो बर्कली युनिक्ससोबत सर्वदूर पसरला.

चाचणीच्या सोयीसाठी त्यात 'डीबग' ही आज्ञा होती. ती दिली की पत्त्याच्या जागी परक्याने लिहिलेले हुकूमही सर्व्हर मुकाट्याने पाळत असे. ही सोय बंद करायची अनेक ठिकाणी राहूनच गेली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला 'वर्म', म्हणजे किडा, ज्या वाटांनी शिरला, त्यांतली एक हीच. एकाच यंत्रात त्याच्या इतक्या प्रती झाल्या की यंत्रे ठप्प झाली. (सर्रास सांगितला जाणारा सहा हजार यंत्रांचा आकडा मात्र निव्वळ अंदाज आहे.)

बर्कलीने काही तासांतच दुरुस्ती ईमेलने धाडली. मॉरिसच्या मित्राने हार्वर्डहून निनावी इशाराही पाठवला. पण धास्तावलेल्या अनेकांनी टपालाचे दारच लावून घेतले होते. तो इशारा पोहोचला तेव्हा साथ ओसरली होती.