व्यालेली गाय आणि इन्सुलिनचा हिशोब

मीरा रोडहून चर्चगेटची लोकल पकडली की दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड आणि मग गोरेगाव. आजची गोष्ट तिथून सुरू होते आणि गायीच्या रक्तापर्यंत जाते.

१९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांनी शहरभरच्या तबेल्यांतल्या म्हशी तिथे आणल्या. त्याआधीची रीत क्रूर होती. नुकती व्यालेली म्हैस बाहेरगावाहून आणायची, दूध काढायचं, आणि ती आटली की बहुतेकदा खाटकाला विकायची. भाकड जनावर शहरात पोसणं परवडायचं नाही. म्हणजे शहराला फक्त दूध हवं होतं. गाभणपण आणि विणं दुसऱ्याच्या गोठ्यात.

दुसरा टप्पा उरुळीकांचनचा. १९४६ मध्ये गांधीजींसोबत तिथे गेलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘बायफ’ उभी केली. देशी गायींचा होल्स्टीन आणि जर्सीशी संकर शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचला. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. दूध वाढलं, घरात रोजचा पैसा आला. पण हे वाढलेलं दूध गायीच्या शरीरात येतं कुठून?

इथे इन्सुलिन येतं. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढलं. पुढची साठेक वर्षं मधुमेहींचं इन्सुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून यायचं. गायीच्या इन्सुलिनची रचना उलगडली म्हणून फ्रेडरिक सँगर यांना १९५८ चं नोबेल मिळालं. गंमत बघा, रेणू पुरता कळला होता, पण व्यालेली गाय तो कसा वापरते हे समजायला आणखी वेळ लागला.

इन्सुलिनचं काम म्हणजे स्नायू आणि चरबीला सांगणं, ‘साखर आत घ्या’. गाय व्याली की रक्तातलं इन्सुलिन घटतं, आणि स्नायू-चरबी त्याचं ऐकेनाशा होतात. कासेला मात्र साखर ओढायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. एक लिटर दुधामागे साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज जातं. वीस लिटरला जवळपास दीड किलो! माणसात हा आजार ठरला असता, इथे ती वासरासाठी केलेली वाटणी आहे. १९८० मध्ये डेल बाउमन आणि ब्रूस करी यांनी ही कल्पना नीट मांडली: शरीर एका ध्येयासाठी सगळ्या अवयवांची प्रायॉरिटी बदलतं. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच पटतं.

अडचण अशी की विण्याच्या सुमारास गायीची भूक मंदावते आणि दुधाची मागणी झपाट्यानं वाढते. मग अंगावरची चरबी वितळते आणि यकृताकडे जाते. यकृताला ती झेपली नाही की किटोन साचतात. गाय खुराक सोडते, दूध घटतं, श्वासाला गोडसर वास येतो. यालाच किटोसिस म्हणतात. व्याल्यावर गूळ चारायची रीत जुनी आहे, पण त्यातली बहुतेक साखर पोटातले जंतूच फस्त करतात. म्हणून डॉक्टर ग्लुकोज थेट शिरेतून देतात. भाकड काळात फार माजलेली गाय तर जास्त धोक्यात, कारण वितळायला चरबी जास्त.

आपण धवलक्रांतीचा इतिहास लिटरमध्ये मोजतो. पण दोन-तीन गायींवर घर चालवणाऱ्याचं वर्ष विण्याआधीच्या तीन आणि नंतरच्या तीन आठवड्यांवर ठरतं. तेव्हा गाय आजारी पडली की त्या वेताचं दूध घटतं, पुढचं गाभण राहणंही लांबतं. भाकड गायीला बेतानं खाऊ घालणं, व्याल्यावर खुराक हळूहळू वाढवणं आणि तिनं तोंड फिरवलं की त्याच दिवशी डॉक्टरला बोलावणं, एवढं झालं तरी खूप वाचतं. संकरानं गायीला जास्त दूध द्यायला लावलं, तर तिचे हे सहा आठवडे सांभाळणं हीसुद्धा आपलीच जबाबदारी आहे.

गावाकडे कुणाची गाय विणार असेल, तर हा एपिसोड त्यांना फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!