इनामापासून भोगवट्यापर्यंत: निराधार म्हातारपण आणि गावची जमीन

निराधार म्हाताऱ्या माणसांच्या आसऱ्यासाठी सार्वजनिक जमीन लावून देण्याची रीत महाराष्ट्रात 'वृद्धाश्रम' या शब्दापेक्षा पुष्कळ जुनी आहे. पूर्वी ती इनामाच्या रूपाने चाले. इंग्रजी अमलात तिला चौकशीची आणि सनदेची चौकट बसली. आज ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने मिळणाऱ्या भूखंडाच्या रूपात उरली आहे. या वाटचालीत एक गोष्ट गळून पडली. जुनी जमीन आश्रिताला पोसत असे. नवी जमीन त्याच्या डोक्यावर छप्पर घालण्यापुरती जागा देते. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातले रहिमतपूर आणि भोवतालचा कृष्णाखोऱ्याचा मुलूख हा बदल समजून घ्यायला सोयीचा आहे, कारण आदिलशाहीपासून नगरपरिषदेपर्यंतचे सगळे थर या एकाच कसब्यात एकावर एक साचलेले आहेत.

रहिमतपूर कमंडलू नदीच्या काठी, साताऱ्याच्या आग्नेयेस वसले आहे. शहाजीराजांबरोबर कर्नाटकच्या मोहिमेत असलेला विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्या नावाशी जोडलेली मशीद आणि कबर ही गावातली सर्वांत ठळक जुनी वास्तू. उत्तरेकडे चंदन-वंदन ही किल्ल्यांची जोडी, पलीकडे पंतप्रतिनिधींचे औंध, आणि साताऱ्याच्या वाटेवर कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे क्षेत्र माहुली. पेठ, देवळे, मशीद, वाडे आणि नदीकाठचे घाट असलेल्या अशा कसब्यात भिकेला लागलेले म्हातारपण कुठे जात असे, याचे उत्तर देवळाच्या ओवरीत आणि धर्मशाळेत शोधावे लागते.

इनाम म्हणजे नुसते बक्षीस नव्हे. गावाने किंवा सरकारने एखाद्या कामासाठी जमिनीचा सारा पूर्ण किंवा अंशतः सोडून द्यायचा आणि त्या उत्पन्नावर ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहायचे, ही त्यातली मूळ कल्पना. देवाची दिवाबत्ती, मशिदीतली चाकरी, मठातले अन्नछत्र, वाटसरूंसाठी सदावर्त, पाणपोई अशी कामे या जमिनींवर चालत. म्हातारा, आंधळा, पांगळा, मूलबाळ नसलेली विधवा यांच्यासाठी वेगळी नोंद सहसा नसे. ते अन्नछत्राच्या पंगतीत बसत आणि ओवरीत निजत. त्यांना कोणी 'लाभार्थी' म्हणत नव्हते, पण जमिनीचे पीक त्यांच्या पानापर्यंत पोचत होते. पाऊस चुकला की पंगत आखडे. तरी सरकारी मंजुरीची वाट पाहत ती बंद पडत नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. ओवरी सगळ्यांना उघडी नव्हती. जातीमुळे ज्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्यांच्या म्हाताऱ्यांना त्या पंगतीत जागा नव्हती. हे अंतर पुढे गाडगेबाबांच्या कामातून थोडेफार बुजले. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा बांधून अस्पृश्य यात्रेकरूंना हक्काचे छप्पर दिले. आंधळ्या-पांगळ्यांना जेवण हा त्यांच्या प्रत्येक कार्याचा भाग असे. सातारा जिल्ह्याशी त्यांचे नाते घट्ट होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडच्या महाविद्यालयाला 1954 मध्ये त्यांचेच नाव दिले.

1848 मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि रहिमतपूर थेट कंपनी सरकारच्या अमलाखाली आले. शेजारचे औंध मात्र संस्थान म्हणून 1948 पर्यंत टिकले. साताऱ्याचे राज्य गेले त्या सुमारास मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी जोरात होती. 1852 च्या 11 व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घराघरांतून सनदा, ताम्रपट, जुनी दफ्तरे बाहेर निघू लागली. कागद दाखवता आला नाही तर जमिनीवर सारा बसे. 1863 च्या कायद्याने सरसकट तडजोड केली आणि उरलेल्या इनामांना स्थैर्य दिले. त्यातले एक कलम या विषयाच्या दृष्टीने मोलाचे होते: धार्मिक आणि धर्मादाय संस्थांच्या जमिनी हस्तांतरित करता येणार नाहीत. देवस्थान इनाम, म्हणजे महसुली भाषेतले 'वर्ग 3' चे इनाम, आजही विकता येत नाही ते या परंपरेमुळे.

परंतु कागदावर जमीन टिकली तरी तिच्यावरचे काम टिकेलच असे नव्हते. सनदेत 'देवाच्या पूजेसाठी' लिहिलेले असले की पूजा चाले. पंगत ही रिवाजाची गोष्ट, तिचा उल्लेख असेलच असे नाही. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कागद हवा होता. रिवाजाला त्याच्या रकान्यात जागा नव्हती.

दुसरीकडे पाहणी आणि जमाबंदीने गावची सामाईक जमीनही नकाशावर आणली. गायरान, गावठाण, स्मशानभूमी, खळवाडी, वाटा आणि नदीपात्र यांना नंबर पडले. 1879 च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने खाजगी नसलेली जमीन सरकारची असे ठरवले आणि कलेक्टरला ती गुरचरणीसारख्या विशेष कामांसाठी राखून ठेवण्याचा अधिकार दिला. गावाची म्हणून जी जमीन होती ती सरकारची झाली. गावाला तिच्यावर वहिवाट उरली. तेव्हापासून आजवर कोणत्याही सेवाभावी संस्थेला गावात जमीन हवी असेल तर तिला गावाबरोबर सरकारचेही दार ठोठावावे लागते, त्याचे मूळ इथे आहे.

म्हाताऱ्यांसाठी स्वतंत्र घर ही कल्पना या मुलखात बाहेरून आली. पुण्यात 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-पंगूगृह सुरू झाले. तेच आज 'निवारा' या नावाने ओळखले जाते. सातारा जिल्ह्यात सार्वजनिक जागा आणि सार्वजनिक वर्गणी यांचा ओघ शिक्षणाकडे वळला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाल्यानंतर शाळेसाठी जमीन देणे हा गावांचा मानाचा विषय झाला. ते योग्यच होते. पण शाळेसाठी माळरान सोडणाऱ्या गावाला म्हाताऱ्यांच्या घरासाठी जमीन सोडावीशी वाटली नाही, कारण तशी गरज मान्य करणे म्हणजे गावातल्या मुलांनी आईबापांना टाकले हे मान्य करणे. ही लाज वृद्धाश्रमांच्या इतिहासात कायद्याइतकीच महत्त्वाची आहे.

गरज मात्र वाढत होती. कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांतून माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, माथाडी कामात आणि लष्करात गेली. महिन्याची मनिऑर्डर हा कित्येक घरांतल्या म्हाताऱ्यांचा आधार होता. पोस्टमन दारात थांबला की आजीने अंगठा उठवायचा, पैसे मोजून कनवटीला लावायचे, आणि पोराचे पत्र शेजारच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे बहुतेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या, तेव्हा अनेकांचा हा धागा तुटला. गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेले कामगार म्हातारपणी गावी परतले. त्यांची मुले मात्र शहरातच राहिली.

स्वातंत्र्यानंतरच्या जमीन सुधारणांनी व्यक्तिगत इनामे आणि वतने संपवली. कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा मोठा न्याय होता. त्यातच एक बारीक तपशील दडलेला आहे. 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या 88-ब कलमाने काही न्यासांच्या जमिनींना सूट दिली: शिक्षणसंस्था, रुग्णालये, पांजरपोळ, गोशाळा आणि सार्वजनिक उपासनेची स्थळे. सगळे उत्पन्न न्यासाच्या कामासाठीच खर्च होत असेल तर जमीन राखता येई. या यादीत भाकड गुरांचे घर आहे, निराधार माणसांचे घर नाही. हेतुपुरस्सर कोणी वगळले असे नाही. त्या वेळी वृद्धाश्रम नावाची गोष्ट कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरच नव्हती. परिणाम एवढाच झाला की शेतीच्या उत्पन्नावर वृद्धांचे घर चालवण्याची वाट रुंद होण्याऐवजी अरुंद झाली. त्याच काळातल्या भीक प्रतिबंधक कायद्याने, 1959 मध्ये, उपजीविकेचे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेही भिकेच्या व्याख्येत घातले. जुन्या काळी ओवरीत बसलेला म्हातारा आता भिक्षेकरी गृहात पोचू शकत होता.

सरकारी मदतीचा पहिला धागा 1963 चा. त्या वर्षी राज्याने वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देण्याची योजना आखली. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 55 वर्षांवरच्या स्त्रिया त्यासाठी पात्र धरल्या. जमीन मिळवण्याचा रस्ता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि तिच्याखालचे 1971 चे सरकारी जमिनींच्या विल्हेवाटीचे नियम यांतून जातो. संहितेचे 40 वे कलम शासनाला योग्य वाटेल त्या अटींवर जमीन देण्याची मुभा देते. नाममात्र भाड्याने किंवा सवलतीच्या किमतीत जमिनी दिल्या जातात त्या या चौकटीत.

ही प्रक्रिया जवळून पाहिली की तिचे वजन कळते. संस्थेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे. मंडल अधिकारी आणि तलाठी जागेवर जाऊन पंचनामा करतात. चतुःसीमा लिहिल्या जातात, झाडे मोजली जातात, अतिक्रमण आहे का ते पाहिले जाते. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा ठराव, नगररचना खात्याचा अभिप्राय, जमिनीचे मूल्यांकन. मंजुरी मिळाली की कबुलायत आणि ताबा पावती. तलाठ्याच्या दप्तरात ही सरकारी जमीन गाव नमुना 1-ब मधून, म्हणजे बिनभोगवट्याच्या जमिनींच्या यादीतून, निघते आणि 1-क मध्ये, म्हणजे अटींवर दिलेल्या जमिनींत, येते. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव आणि 'भोगवटादार वर्ग 2' असा शेरा पडतो. जागा ठरलेल्या मुदतीत वापरली पाहिजे, दुसऱ्या कामाला लावता येणार नाही, परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येणार नाही. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा.

या अटी आवश्यकच आहेत; त्या नसत्या तर सेवेच्या नावाने घेतलेले भूखंड केव्हाच व्यापारी संकुले झाले असते. पण प्रामाणिक संस्थेसमोर त्यांच्यामुळे पेच उभा राहतो. वर्ग 2 च्या जमिनीवर बँक सहजी कर्ज देत नाही आणि इमारत तर बांधायची असते. दर महिन्याचा तांदूळ, औषधे, रात्रपाळीची मावशी, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा हा खर्च जमिनीतून निघत नाही, कारण ती जमीन पीक देण्यासाठी दिलेलीच नसते. ऑस्ट्रेलियाने 1954 मध्ये वृद्धांच्या घरांचा कायदा केला, तेव्हा ना-नफा संस्थांनी जमवलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारने बांधकामासाठी एक पौंड घातला आणि 1957 पासून दोन. महाराष्ट्रात जागा आणि भांडवल या दोन गोष्टी अशा एकत्र बांधल्या गेल्या नाहीत.

जमिनीनेच पोसावे हा जुना विचार आधुनिक काळात ज्या ठिकाणी जिवंत राहिला त्यात वरोऱ्याचे आनंदवन पहिले. 1949 नंतर बाबा आमटे यांना सरकारकडून मिळालेली 50 एकर जमीन खडकाळ होती. कुष्ठरोग्यांनी ती स्वतः खोदून विहिरी काढल्या, शेती उभी केली आणि वसाहत आपल्या पिकावर जगू लागली. ती वृद्धाश्रमासाठी दिलेली जमीन नव्हती. पण सरकारी पडीक जमीन आणि सेवाभावी संस्था यांची सांगड कशी बसते, याचे ते सर्वांत भक्कम उदाहरण ठरले. क्षेत्र पुरेसे होते, हेच त्यातले मर्म. अर्ध्या एकराच्या भूखंडावर ते घडले नसते.

1995 च्या नोव्हेंबरात राज्याने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. जिल्ह्याजिल्ह्यांत सोयींनी युक्त वृद्धाश्रम असावेत आणि ते स्वयंसेवी संस्थांनी चालवावेत, असा तिचा आराखडा. रोजचा खर्च विनाअनुदान तत्त्वावर. वर्षाला 12,000 रुपयांहून अधिक उत्पन्न असलेल्यांकडून महिन्याला 500 रुपये घ्यायचे, म्हणजे माणसामागे दिवसाला 17 रुपयेही नाहीत. बाकीचा भार संस्थेने देणगीतून उचलायचा. मोठ्या शहराजवळच्या आश्रमाला वाढदिवसाचे जेवण देणारे दाते सापडतात. तालुक्याच्या गावाबाहेर, एसटी थांबत नाही अशा माळावर उभ्या असलेल्या आश्रमाला ते सापडणे कठीण.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत 60 वर्षांवरचे लोक सुमारे 10 टक्के, म्हणजे 1 कोटी 10 लाखांच्या घरात भरले. त्याआधीच केंद्राचा 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा झाला होता. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला. त्याचे 19 वे कलम सांगते की राज्य सरकार टप्प्याटप्प्याने, प्रत्येक जिल्ह्यात किमान एकापासून सुरुवात करून, किमान 150 निर्धन ज्येष्ठांना सामावून घेणारी घरे उभारू शकेल. क्रियापद 'शकेल' असे आहे. 'उभारील' असे नाही.

याच सुमारास गावची मोकळी जमीन मिळणे अवघड झाले. पंजाबातल्या जगपाल सिंग खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. महाराष्ट्राने 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरान देण्यावर कडक बंधने घातली आणि नंतर संहितेत आलेल्या 22-अ कलमाने ती पक्की झाली. गायरान वाचणे गुराढोरांच्या आणि गावाच्या हिताचेच आहे. त्यामुळे रहिमतपूरसारख्या गावात सेवाभावी वृद्धाश्रमासाठी आता तीन वाटा उरतात: गायरान नसलेली सरकारी पडीक जमीन, नगरपरिषदेच्या मालकीची जागा, जी दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायची तर सभेच्या ठरावावर वरची मान्यता लागते, आणि जुन्या सार्वजनिक न्यासांच्या जमिनी, ज्यांचे हस्तांतरण 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 36 व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीनेच होते. कोरेगावच्या बागायती पट्ट्यात आले, हळद आणि वाघ्या घेवडा पिकवणारी जमीन महाग आहे. तिथे या तिसऱ्या वाटेवरच्या जमिनी अजून पीक देतात, आणि त्यांतल्या काहींच्या सनदांमागे कधीकाळी अन्नछत्राचा रिवाज होता.