घिसचं कूळ, घिसचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. कल्पित नगरांना मात्र ही सवलत देण्याचं कारण नाही. त्यांचं कूळ काढत गेलं की पुष्कळ जुने ऐवज हाती लागतात, आणि त्यांतले काही खोटेही निघतात.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची ‘अ स्टॉर्म ऑफ स्वॉर्ड्‌स’ ही कादंबरी २००० साली आली आणि तिच्यात एका उपसागराच्या काठावरची तीन नगरराज्यं वाचकांसमोर उभी राहिली. अस्तापोर लाल विटांचं, युंकाई पिवळ्या विटांचं, मिरीन नाना रंगांच्या विटांचं. तिन्हींचा धंदा एकच, माणसं विकण्याचा. अस्तापोरमध्ये मुलांना खच्ची करून, वर्षानुवर्षं कवायत घोटून ‘अनसलीड’ नावाचे सैनिक तयार करायचे. युंकाईत कलावंतिणी घडवायच्या. मिरीनमध्ये पिरॅमिडांत राहणारे धनी आणि त्यांच्या पायाशी राबणारं सगळं शहर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेने २०१३ मध्ये हा प्रदेश पडद्यावर आणला. अस्तापोरसाठी मोरोक्कोतलं एसाविरा बंदर वापरलं गेलं, युंकाईसाठी तिथलाच ऐत बेनहद्दू हा मातीचा किल्ला. मिरीनचा काही भाग क्रोएशियात स्प्लिट शहरातल्या डायोक्लेशन या रोमन सम्राटाच्या राजवाड्यात चित्रित झाला. रोमन सम्राटाच्या तळघरात घिसच्या वारसांचं नगर वसावं, हे वंशावळीच्या दृष्टीने बरोबरच झालं.

कारण कथेत ही तिन्ही नगरं घिस नावाच्या प्राचीन साम्राज्याची लेकरं आहेत. घिस आणि वॅलिरिया यांच्यात पाच महायुद्धं झाली, घिस हरलं, आणि जेत्यांनी ते जाळून त्याच्या शेतांत मीठ, गंधक आणि कवट्या पेरल्या. इतिहासाच्या तासाला थोडंफार लक्ष असलेल्या कुणालाही इथे कार्थेज आठवेल. रोम आणि कार्थेज यांच्यात इ.स.पू. २६४ ते १४६ या काळात तीन युद्धं झाली. शेवटी स्किपिओ एमिलियानसने शहर जमीनदोस्त केलं, आणि शरण आलेले लोक गुलाम म्हणून विकले गेले; त्यांचा आकडा अप्पियन हा इतिहासकार सुमारे ५०,००० देतो. तिनाची पाच युद्धं झाली, मिठात गंधक मिसळलं, आणि कार्थेजचं घिस झालं.

फक्त एक अडचण आहे. कार्थेजच्या जमिनीत मीठ पेरल्याचं एकाही प्राचीन लेखकाने लिहिलेलं नाही. शत्रूच्या नगरावर मीठ पेरण्याची गोष्ट बायबलमध्ये शखेम नगराबद्दल येते. असीरियाच्या अशुरबनिपालने एलाम या राज्याबद्दल तशी बढाई मारलेली आहे. ती कार्थेजला चिकटली फार नंतर, आणि मग पाठ्यपुस्तकांतून इतकी रुळली की आज कार्थेज म्हटलं की आधी मीठच आठवतं. म्हणजे मार्टिन यांच्या घिसचा पहिला पूर्वज कार्थेज नव्हे, तर कार्थेजबद्दलची एक दंतकथा आहे.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या पूर्वजांकडेही संशयाने पाहावंसं वाटतं. मिरीनचा मोठा पिरॅमिड ८०० फूट उंच आहे, गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या दीडपटीहून जास्त. पिरॅमिड म्हणजे गुलामांच्या पाठीवरचे वळ, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं आहे. पण गिझाला १९९० पासून झाही हवास आणि मार्क लेनर यांच्या उत्खननांत जे सापडलं ते निराळं आहे: कामगारांची वस्ती, भट्ट्या, बैलांच्या आणि मेंढरांच्या हाडांचे ढीग, राजाच्या पिरॅमिडजवळ मानाने पुरलेले मजूर. काम सक्तीचं असेल, वेठीचं असेल. पण बाजारात विकत घेतलेल्या माणसांच्या झुंडींचा पुरावा तिथे नाही. अशा कथांत हमखास दिसणाऱ्या, वल्ह्यांना साखळदंडाने बांधलेल्या गुलामांचंही तेच. अथेन्सच्या युद्धनौकेवर १७० वल्हेकरी असत आणि ते बहुतेक गरीब पण स्वतंत्र नागरिक असत. जहाजाच्या पोटात साखळीने जखडलेला रोमन कैदी आपल्याला दिला तो ल्यू वॉलेस यांच्या ‘बेन-हर’ने, आधी १८८० च्या कादंबरीतून आणि मग १९५९ च्या चित्रपटातून.

मग खरे पूर्वज कोणते? स्पार्टा नक्कीच. अनसलीडांची जी सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आहे, तीन हजारांनी कोहोर नगराच्या वेशीवर घोडेस्वारांचे अठरा हल्ले परतवले आणि सहाशे उरले, तिच्यात मूठभर स्पार्टनांनी इराणी फौज अडवून धरली ती थर्मोपिलीची खिंड स्पष्ट दिसते. गंमत अशी की थर्मोपिलीला लढणारे स्पार्टन गुलाम नव्हते, मालक होते. त्यांची शेतं हेलट नावाचे जखडलेले शेतकरी कसत. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटियाच्या लढाईला ५,००० स्पार्टन निघाले तेव्हा त्यांच्यासोबत ३५,००० हेलट होते, असं हिरोडोटस लिहितो. एका धन्यामागे सात. स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी या हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे एखाद्याला मारलं तरी पाप लागू नये. मालकाची शिस्त काढून ती गुलामाच्या अंगावर चढवणं, ही मार्टिन यांची खरी कल्पकता.

रोमही आहेच. मिरीनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या प्रत्येक मैलाच्या खांबावर धन्यांनी एक गुलाम मूल खिळ्यांनी ठोकलेलं असतं, १६३ खांब, १६३ मुलं. स्पार्टाकस या गुलामाचं बंड इ.स.पू. ७१ मध्ये मोडल्यावर क्रॅसस या रोमन सेनापतीने कापुआ ते रोम या रस्त्यावर ६,००० बंडखोरांना क्रुसावर चढवलं होतं. घिसच्या धन्यांचा ‘टोकर’ हा पोशाखही टोगाच्या घराण्यातला. लांबच लांब वस्त्र कमरेभोवती गुंडाळून खांद्यावरून घ्यायचं आणि डाव्या हाताने सतत सावरत राहायचं. सैल झालं तर सुटतं, घट्ट झालं तर पायात येतं. आपल्याकडे नऊवारीचा कासोटा बाईला शेतात वाकायला मोकळं करतो. टोकरचं काम नेमकं उलटं, हा माणूस कधी वाकत नाही हे चारचौघांत दाखवायचं. रोममध्येही टोगा नागरिकाचा, गुलामाला त्याची मनाई.

प्राचीन जगातून मार्टिन यांच्यापर्यंत येणारी वाट मात्र सरळ नाही. मध्ये स्वस्त मासिकांचा मोठा मुक्काम आहे. एडगर राइस बरोज यांनी १९१२ मध्ये मंगळावरची नगरराज्यं रंगवली. तिथे युद्धात हरलेला गुलाम होतो, आणि बाहेरून आलेला एक वीर सगळं उलटंपालटं करतो. हा वीर जॉन कार्टर, व्हर्जिनियाचा कप्तान, अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेला! या विसंगतीकडे लेखकाने फारसं लक्ष दिलेलं नाही. रॉबर्ट हॉवर्ड यांचा कोनॅन १९३२ पासून अशाच सडलेल्या, ऐषारामी नगरांतून तलवार घेऊन फिरला. मायकेल मूरकॉक यांनी १९६१ मध्ये मेल्निबोने हे बेट उभं केलं: ड्रॅगन पाळणारं, गुलामांच्या जिवावर जगणारं, ऱ्हासाला लागलेलं साम्राज्य, वॅलिरिया त्याची जवळची नातलग वाटते. पुढे १९९१ मध्ये ‘डार्क सन’ या खेळाच्या विश्वाने वाळवंटातली सात नगरराज्यं दिली, प्रत्येकाचा राजा मांत्रिक आणि प्रत्येकाचा पाया गुलामांचा. या परंपरेत गुलामगिरी ही नगर दुष्ट आहे हे पटकन सांगण्याची खूण झाली. चाबूक दाखवला की वाचकाला समजतं, हे शहर पडणार.

खऱ्या गुलामबाजारांत चाबकापेक्षा जास्त चालत असे ती वही. रोमने इ.स.पू. १६६ च्या सुमारास डेलोस बेट करमुक्त बंदर केलं, आणि तिथे एका दिवसात दहा हजार गुलाम उतरवून विकले जाऊ शकत, असं स्ट्रॅबो हा भूगोलकार सांगतो. रोमन बाजारात समुद्रापारहून आलेल्याचे पाय खडूने पांढरे करत. गळ्यात पाटी असे: कुठला, काही दुखणं आहे का, कधी पळून गेला होता का. दोष लपवला तर विकणाऱ्याला माल परत घ्यावा लागे. गुलाम मुक्त करायचा तर किमतीच्या पाच टक्के कर. गोव्यात १५८३ ते १५८८ या काळात राहिलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने मुख्य रस्त्यावर रोज सकाळी होणाऱ्या लिलावाचं वर्णन केलं आहे. घोडे, कापड, भांडीकुंडी आणि माणसं, सगळं एकाच बोलीत. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या आणि सुटकेच्या नोंदी आहेत, त्यांचाही सूर तोच. कुठे आरडाओरडा नाही, क्रौर्याचं प्रदर्शन नाही. नाव, वय, किंमत, साक्ष.

मार्टिन आपल्या पूर्वसुरींपेक्षा वेगळे ठरतात ते इथे. नगर जिंकल्यावर बरोज किंवा हॉवर्ड पुढच्या साहसाला निघाले असते. मार्टिन यांची डेनेरिस, ड्रॅगन घेऊन आलेली आणि ही नगरं जिंकणारी राणी, मिरीनमध्ये थांबते आणि वही उघडते. धन्यांनी जाताना ऑलिव्हच्या बागा जाळलेल्या. गुलाम सोडले तर शहराकडे विकायला काही नाही. काही मुक्त झालेले लोकच स्वतःला पुन्हा विकण्याची परवानगी मागतात, ती मिळते, आणि त्या सौद्यावर दहावा हिस्सा करही बसतो. २०११ च्या ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’मध्ये एक धनी दरबारात येतो. त्याच्या घरच्या एका म्हाताऱ्या गुलाम बाईने मुलींना विणकाम शिकवलेलं असतं. आता त्या मुली मुक्त होऊन कमावतात, तर त्यातला वाटा त्याला हवा. राणी त्या बाईचं नाव विचारते. ते त्याला धड सांगता येत नाही. शिक्षा म्हणून त्यालाच मुलींना माग घेऊन द्यावा लागतो. गुलामगिरीवरच्या हजार पानांच्या ग्रंथात जे सापडेल ते या एका दाव्यात आहे: कौशल्य कुणाचं, त्याचा मोबदला कुणाला, आणि नोंदीतून कुणाचं नाव गळलं.

पण वंशावळीतली एक शाखा मार्टिन यांनीही तोडली, आणि ती नेमकी आपल्या अंगणात येते. अनसलीडांबद्दल अस्तापोरचा व्यापारी जे सांगतो ते सगळं जाहिरातीसारखं आहे: याला घर नाही, नातं नाही, हाव नाही, नावसुद्धा रोज नवं, हा कधीच उलटणार नाही. नातं तुटलेला सैनिक निष्ठावान असतो, या हिशेबावर मध्ययुगातल्या कित्येक राजांनी पैसे लावले. इजिप्तच्या सुलतानांनी गवताळ प्रदेशातली तुर्क मुलं विकत घेऊन ममलूक घडवले; १२५० मध्ये त्याच ममलूकांनी सुलतान मारून गादी घेतली आणि १५१७ पर्यंत राखली. इस्तंबूलच्या जानिसारी या गुलाम-सैनिकांनी १६२२ मध्ये सुलतान दुसऱ्या उस्मानचा जीव घेतला. १२९९ मध्ये खंबायतला हाती लागलेला मलिक काफूर हा तर खच्ची केलेला गुलाम, म्हणजे अनसलीडांचा सख्खा भाऊबंद. त्याने १३०७-०८ मध्ये देवगिरीवर स्वारी करून रामदेवरायाला नमवलं आणि अलाउद्दीन खलजी मेल्यावर काही दिवस दिल्ली स्वतःच चालवली.

आणि मलिक अंबर. हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेला, हातोहात विकला जात अहमदनगरला पोचलेला. तिथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतःच एकेकाळचा हबशी गुलाम. सुटका झाल्यावर अंबरने फौज जमवली, निजामशाहीच्या गादीवर राजा बसवला, मराठा घोडेस्वारांना घेऊन गनिमी काव्याने मुघलांना वीस-पंचवीस वर्षं दख्खनेत अडवून धरलं. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि तिला नहर खोदून पाणी आणलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर त्याच्या नावाने इतका जळे की आपण अंबरच्या भाल्यावर टांगलेल्या मुंडक्यावर बाण सोडतो आहोत, असं चित्रच त्याने काढवून घेतलं. १६२६ मध्ये अंबर गेला तो अंथरुणावर, म्हातारपणाने.

घिसच्या कुळात असा माणूस बसत नाही. तिथे गुलामाला मुक्ती मिळते ती बाहेरून आलेल्या राणीकडून, ड्रॅगनच्या आगीतून. आणि त्या दिवशीही अनसलीड आपल्या जुन्या धन्यांवर उलटतात ते नव्या मालकिणीचा हुकूम झाल्यावर. विकणाऱ्याने सैनिकाची जी हमी दिली, ती कथेने जशीच्या तशी मान्य केली. इतिहासात ती हमी शतकानुशतकं खोटी ठरत आली. गुलामाला हुकूम पाळायला शिकवताना त्याच शिकवणीत हुकूम द्यायलाही शिकवलं जातं, हे कैरोला, इस्तंबूलला आणि दौलताबादला वेळोवेळी सिद्ध झालं. मीठ पेरलेल्या शेतांची दंतकथा उसनी घेणाऱ्या लेखकांना खडकीची खरी गोष्ट घ्यायला कुणाची हरकत नव्हती. ती घेतली असती, तर अस्तापोर ड्रॅगन येण्याच्या कितीतरी आधीच पडलं असतं.