मीरेला दिल्लीनं मारलं का?

कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात कारखानदार जमले आणि ‘मीरा’चा विषय निघाला, की वाक्य ठरलेलं : दिल्लीनं आपली गाडी मारली. लेथवर हयात घालवलेल्या मला हे निम्मंच पटतं.

मीरा घडवणाऱ्या शंकरराव कुलकर्णींनी पहिली दोन आसनी गाडी १९४९ च्या सुमारास बनवली. गाव इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं यंत्रमाग आणला, तेव्हापासून मागाचा तुटका भाग गावातच घडवून घ्यायची सवय. शंकररावांचे नमुन्यामागून नमुने १९७० पर्यंत चालू होते. शेवटच्या मीरेत दोन सिलिंडरचं इंजिन, ताकद साधारण १४ अश्वशक्ती, तेही मागच्या बाजूला. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा बेत होता.

मला भुरळ पडते ती तिच्या सस्पेन्शनची. पाटे नाहीत, भार रबरावर. पाटा म्हटला की यू-बोल्ट आला, शॅकल आली, बुश आला, वरून ग्रीसिंग. आमच्या खडीच्या रस्त्यांवर तो तुटणार हेही आलंच. रबर घातल्यावर ही सगळी पिलावळ गेली; वजन उतरलं, खर्च उतरला. गॅरेजवाल्याचं नुकसान, पण गिऱ्हाइकाचा फायदा!

आता दिल्ली. परवान्याशिवाय मोटार कारखाना काढता येत नव्हता, हे खरंच. १९७० मध्ये छोट्या गाडीचं इरादापत्र मिळालं पंतप्रधानपुत्र संजय गांधींना, वर्षाला पन्नास हजार गाड्यांचं. त्यांच्याकडे जमीन होती, वशिल्याबद्दल तर बोलायलाच नको. तरी त्यांची ‘मारुती’ बाजारात आली नाही आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. मारुती ८०० रस्त्यावर आली ती १९८३ च्या डिसेंबरात, सुझुकीच्या तंत्रावर.

नुसत्या परवान्यानं गाडी का निघत नाही, याचं कारण वर्कशॉपमधला पोऱ्याही सांगेल. पाच गाड्यांचा पत्रा हातोडीनं ठोकून, कानस मारून बसवता येतो. पन्नास हजारांना डाय लागतात, प्रेस लागतात, गेज लागतात. एकाचं दार दुसऱ्याला बसलं पाहिजे. त्याला पैसा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं अडकून पडतो.

मीरेचे नमुने बनत होते त्याच काळात आमच्याच भागात रत्नाप्पाण्णा कुंभारांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर पंचगंगा साखर कारखाना उभा केला. म्हणजे पैसा गोळा करायची अक्कल आमच्याकडे होती. मोटारीसाठी तसं भांडवल उभं राहिलं नाही. तेव्हा दिल्लीला दोष द्या, पण सगळा देऊ नका.